शेजारच्या झाडाची मुळं घरात शिरली तर? भिंत आपली, झाड त्याचं. कायदा काय सांगतो आणि करायचं काय

भिवंडी : घराच्या मागच्या भिंतीला बारीक भेग पडते. पहिल्या वर्षी चुना-सिमेंट भरून ती बुजवली जाते. दुसऱ्या पावसाळ्यात तीच भेग बोटभर रुंद होते, मोरीची फरशी उचलली जाते, संडासाची टाकी वारंवार तुंबते. गवंडी येऊन खणतो आणि मनगटाएवढं मूळ बाहेर निघतं. झाड मात्र आपल्या अंगणात नसतंच. ते शेजाऱ्याच्या परसात उभं असतं.

भिवंडी तालुक्यातल्या वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे या पट्ट्यात अशा वादांना जागा भरपूर आहे. एकीकडे जुनं गावठाण, घराला घर लागलेलं, मधल्या बोळात उंबर-पिंपळ वाढलेले. दुसरीकडे भातशेतीच्या जागी उभी राहिलेली गोदामं, त्यांच्या लांबच लांब कंपाउंडच्या भिंती आणि भिंतीला लागून असलेली जुनी झाडं. घर बांधायला आयुष्याची कमाई लागते आणि शेजाऱ्याशी संबंध पिढ्यांचे असतात. त्यामुळे अशा वेळी माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर रागाच्या भरात रात्रीतून झाडाच्या बुंध्यात अ‍ॅसिड ओततो. दोन्हीत नुकसानच आहे. कायद्यात याला रस्ता आहे, फक्त तो क्रमाने चालावा लागतो.

थोडक्यात

- झाड ज्याच्या जमिनीत, त्याच्या मालकीचं. पण त्याच्या मुळांना शेजाऱ्याच्या जमिनीत शिरून नुकसान करण्याचा हक्क नाही.
- आपल्या हद्दीत आलेली फांदी किंवा मूळ हद्दीपर्यंत तोडता येतं. त्यासाठी शेजाऱ्याच्या जागेत पाऊल टाकता येत नाही आणि अख्खं झाड मारता येत नाही.
- आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग अशी काही झाडं तोडायला सरकारी परवानगी लागते.
- नुकसानभरपाई हवी असेल तर आधी लेखी कळवणं आणि पुरावा जमवणं गरजेचं आहे.
- झाड पडून जीव जाण्याचा धोका असेल तर प्रांताकडे अर्ज करता येतो. भरपाईसाठी मात्र दिवाणी कोर्टातच जावं लागतं.

मुळं भिंतीपर्यंत येतात कशी?

मुळं भिंत फोडायला येत नाहीत, ती पाणी आणि हवा शोधत येतात. मोरीचं पाणी मुरतंय, पाईपच्या जोडातून थेंब गळतोय, संडासाच्या टाकीला चीर आहे, अशा ठिकाणी माती कायम ओली राहते. केसासारखं बारीक मूळ त्या चिरेतून आत जातं. आत पाणी मिळालं की जाड होतं आणि जाड होताना चीर रुंद करतं. पाईपमध्ये तर मुळांचा अख्खा झुपका तयार होतो आणि मग टाकी तुंबते.

दुसरा प्रकार मातीचा. चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मोठं झाड उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पायाखालची माती जास्त आकसते आणि पाया एका बाजूला बसतो. अशा वेळी भिंतीत मूळ दिसतही नाही, पण भेग तिरकी वर चढत जाते.

वड, पिंपळ, उंबर यांची मुळं लांबवर जातात आणि दगडाच्या सांध्यातही घुसतात. यांचं बी पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीतच पडतं आणि तिथेच रुजतं. असं रोपटं आपल्याच भिंतीत उगवलं असेल तर ते शेजाऱ्याचं झाड नव्हे. ते लहान असतानाच काढणं ही भिंतीच्या मालकाचीच जबाबदारी आहे.

ही माहिती कोर्टातही उपयोगी पडते. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की भेग मुळांमुळे पडली, की पाया कच्चा होता, की तुमचीच पाईप गळत होती?

आधी ठरवा, झाड कोणाचं?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ नुसार जमिनीवरच्या झाडांचा हक्क साधारणपणे त्या जमीनधारकाचा असतो. म्हणजे झाड कोणी लावलं यापेक्षा बुंधा कोणाच्या हद्दीत आहे हे महत्त्वाचं. ‘आमच्या आजोबांनी लावलेलं’ हे भावनेला ठीक, पण हद्द कागदावर दिसली पाहिजे.

शेतजमीन असेल तर सातबारा आणि गटाचा नकाशा पाहावा. गावठाणात घर असेल तर मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा आठ-अ उतारा पाहावा. मात्र आठ-अ हा कर आकारणीचा कागद आहे, त्यावरून हद्द ठरत नाही. हद्दीचा वाद असेल तर भिवंडीच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. मोजणीची फी भरावी लागते, पण पुढची वर्षानुवर्षांची भांडणं तिथेच मिटू शकतात. मोजणी न करता कोर्टात गेलेला माणूस बहुतेक वेळा कोर्टाच्याच सांगण्यावरून परत मोजणीकडे येतो.

बुंधा बरोबर हद्दीवरच असेल, अर्धा इकडे अर्धा तिकडे, तर झाड दोघांचं सामाईक धरलं जातं. ते एकट्याने तोडता येत नाही.

झाड रस्त्याकडेला, गुरचरणात किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत असेल तर मालक ग्रामपंचायत, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद असू शकते. अर्ज त्यांच्याकडे करायचा आणि त्याची पोच घ्यायची. सरकारवर दावा करायचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ग्रामपंचायतीवर दावा करण्याआधीही कायद्यात नोटीस सांगितलेली आहे. हे न पाळल्याने चांगला दावाही अडकतो.

कायदा नेमका काय म्हणतो?

‘शेजारच्या झाडाची मुळं’ अशा नावाचं वेगळं कलम आपल्याकडे नाही. हा विषय ‘उपद्रव’ या तत्त्वाखाली येतो. स्वतःच्या जमिनीचा वापर असा करावा की शेजाऱ्याला त्याच्या जमिनीचा नीट उपभोग घेता यावा, हे त्याचं सार. मूळ नुसतं हद्द ओलांडून आलं एवढ्यावर भरपाई मिळत नाही. त्याने भिंत, पाया, पाईप, विहीर किंवा पीक यांचं खरंच नुकसान केलं पाहिजे.

मग झाडमालक म्हणतो, “पन्नास वर्षं झाड उभं आहे. आता वहिवाटीचा हक्क झाला.” भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये २० वर्षांच्या वहिवाटीने वाट, पाणी, उजेड असे काही हक्क मिळू शकतात हे खरं. पण झाडाच्या फांद्या शेजाऱ्याच्या जागेवर पसरलेल्या ठेवण्याचा हक्क असा वहिवाटीने मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १८९० च्या दशकातच हरी कृष्ण जोशी विरुद्ध शंकर विठ्ठल या प्रकरणात तसं सांगितलं आहे. त्यातला विचार सरळ आहे. रस्ता काल होता तेवढाच आज असतो, झाड मात्र रोज वाढतं. आजची फांदी वीस वर्षांपूर्वी नव्हतीच. जमिनीखालच्या मुळांनाही हाच विचार लागू पडतो.

उलट बाजूने ‘झाड आधी होतं, घर तुम्ही नंतर बांधलं’ हा मुद्दाही झाडमालक मांडतो. तेवढ्याने त्याची जबाबदारी पूर्ण संपत नाही. पण जुन्या मोठ्या उंबराला खेटून कोणी बिनपरवाना, कच्च्या पायाची भिंत उभारली असेल तर भरपाई ठरवताना कोर्ट ते नक्की पाहील.

लंडनची एक केस, कामाची गोष्ट

आपली कोर्टं अशा विषयात इंग्लंडच्या निकालांचाही आधार घेतात. ते निकाल बंधनकारक नसतात, पण वजन ठेवून असतात. लंडनमध्ये रस्त्याकडेच्या एका झाडाच्या मुळांनी निवासी इमारतीच्या पायाला धक्का लावला होता. झाड वेस्टमिन्स्टर कौन्सिलचं होतं. इमारतीच्या बाजूने कौन्सिलला कळवलं गेलं, झाड काढायची मागणी झाली, पण झाड तसंच राहिलं. शेवटी इमारतवाल्यांनी स्वतः पाया मजबूत करून घेतला आणि खर्च मागितला, सुमारे ५ लाख ७० हजार पौंड. २००१ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तो खर्च देण्याच्या बाजूने निकाल दिला.

गावातल्या घरमालकाने यातून एकच गोष्ट घ्यायची. झाडमालकाला नुकसान कळवलं होतं आणि दुरुस्तीची वाजवी संधी दिली होती, हे दाखवता आलं पाहिजे. न कळवता परस्पर लाखभर रुपये खर्चून मग बिल दारात नेऊन टाकलं तर केस कमजोर होते. आणि कळवल्यावरही झाडमालक हात बांधून बसला तर त्याची बाजू कमजोर होते.

आपल्या हद्दीतली मुळं स्वतः तोडायची का?

हद्द ओलांडून आलेली फांदी किंवा मूळ आपल्या जागेत उभं राहून, हद्दीच्या रेषेपर्यंत तोडता येतं. हा जुना आणि मान्य हक्क आहे. त्यासाठी कोर्टाचा हुकूम लागत नाही. पण त्याला चार बंधनं आहेत.

एक, शेजाऱ्याच्या जागेत शिरायचं नाही. त्याच्या परवानगीशिवाय शिरून झाड तोडलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली अतिक्रमणाचा आणि कलम ३२४ खाली नुकसान केल्याचा गुन्हा आपल्यावरच दाखल होऊ शकतो. मग तक्रारदार आरोपी होऊन बसतो.

दोन, झाड मारायचं नाही. बुंध्याला भोक पाडून अ‍ॅसिड ओतणं, साल सोलून काढणं, मुळाशी जाळ करणं हे हद्दीतलं मूळ तोडणं नव्हे.

तीन, झाड पडणार नाही याची काळजी घ्यायची. जाड मुळं जमिनीतला नांगर असतात. एका बाजूची सगळी मुळं मे महिन्यात तोडली आणि जुलैच्या वाऱ्यात झाड कोसळून कोणी दगावलं तर बोट मुळं तोडणाऱ्याकडेच जाईल. मनगटापेक्षा जाड मूळ असेल तर आधी झाडमालकाला लेखी कळवावं आणि वनखात्याच्या किंवा कृषी खात्याच्या माणसाचा सल्ला घ्यावा.

चार, तोडलेलं लाकूड आणि फळं झाडमालकाची. ती विकून टाकायची नाहीत, त्याला घेऊन जायला सांगायचं.

परवानगी कुठली?

ग्रामीण भागात महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत विनियमन अधिनियम, १९६४ लागू आहे. त्याच्या अनुसूचीत ठरावीक झाडं आहेत. त्यात आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ, हळदू, बिबळा, तिवस, अंजन आणि कांदळवन येतात. ही झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणजे शेजारी तयार झाला आणि म्हणाला, “चल, तोडून टाकू चिंच,” तरी दोघांनाही थांबावं लागेल.

मात्र याच कायद्यात जीविताला किंवा मालमत्तेला धोका असलेलं झाड, वाळलेलं, रोगट किंवा वादळात पडलेलं झाड यांचा वेगळा विचार केलेला आहे. म्हणून अर्जात ‘झाड नको आहे’ असं न लिहिता ‘मुळांमुळे राहत्या घराच्या भिंतीला धोका आहे’ असं स्पष्ट लिहावं आणि फोटो जोडावेत. अर्ज झाडमालकानेच करायचा असतो, कारण झाड त्याचं आहे. शेजाऱ्याने त्याला संमती आणि फोटो द्यावेत.

शहरी भागात १९७५ चा झाडांचे जतन करण्याचा कायदा लागू होतो. तिथे ठरावीक यादीचा प्रश्नच नाही, कोणत्याही झाडाला परवानगी लागते. भिवंडी महानगरपालिकेच्या हद्दीत हा कायदा आहेच. शहराभोवतालच्या अनेक गावांसाठी एमएमआरडीए विशेष नियोजन प्राधिकरण आहे. त्यामुळे वळ परिसरातल्या लोकांनी झाड मुळापासून काढण्याआधी ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात लेखी विचारून घ्यावं की या गटासाठी परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लागेल की नियोजन प्राधिकरणाची. तोंडी ‘तोडा, काही होत नाही’ यावर जाऊ नये.

मोबाइल हाच पहिला साक्षीदार

कोर्टात भांडण मोठ्या आवाजावर जिंकता येत नाही. कागद आणि फोटो लागतात. ते आजपासूनच जमवावेत.

- भेगेचा फोटो काढताना बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवावं, म्हणजे रुंदी कळते. दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो काढावा.
- भेगेवर काचेची छोटी पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहावी. भेग वाढत असेल तर काच तडकते. इंजिनिअर हीच युक्ती वापरतात.
- खणताना मूळ दिसलं की लगेच तोडू नये. आधी व्हिडिओ काढावा, मूळ हद्दीकडे कसं जातंय ते दाखवावं, दोन पंच बोलवावेत.
- गवंडी आणि प्लंबर यांची बिलं जपावीत. साध्या कागदावर असली तरी त्यावर नाव, तारीख, सही असावी.
- परवानाधारक सिव्हिल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्यावा. भेगेचं कारण काय आणि दुरुस्तीचा खर्च किती, या दोनच गोष्टी त्यात ठळक हव्यात.
- मूळ फोटो ज्या मोबाइलमध्ये आहेत तो जपावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला फोटो कमकुवत ठरतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील करून देतो.

पायरी पायरीने जायचं

*पहिली पायरी : ओट्यावरचं बोलणं.* शक्यतो घरातलं मोठं माणूस जावं. “काका, तुमच्या उंबराची मुळं आमच्या मोरीत आलीत. एकदा येऊन बघा तरी,” एवढ्याने सुरुवात करावी. बऱ्याच वेळा झाडमालकाला जमिनीखाली काय चाललंय याचा पत्ताच नसतो. उंबर, पिंपळ, वड यांना गावात देवाचं स्थान आहे, म्हणून ‘झाड तोडा’ म्हटलं की पुढचं बोलणंच बंद होतं. त्यापेक्षा ‘आपल्या बाजूची मुळं छाटू, मध्ये चर खणून सिमेंटचा आडोसा घालू, खर्च वाटून घेऊ’ असा मार्ग सुचवावा. झाडही वाचतं, भिंतही.

*दुसरी पायरी : गावातली समिती.* महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली. ज्या गावात समिती काम करते तिथे अर्ज द्यावा. तडजोड झाली तर ती कागदावर लिहून, दोघांच्या सह्या आणि पंचांच्या सह्या घ्याव्यात. कोण काय करणार, किती तारखेपर्यंत, खर्च कोणाचा, हे त्यात हवंच.

*तिसरी पायरी : लेखी नोटीस.* वकिलाकडून दिली तर उत्तम, पण साध्या पत्रानेही सुरुवात करता येते. पोस्टाने अशी पाठवावी की पाठवल्याची नोंद आणि पोहोच दोन्ही हातात राहतील. मजकूर असा असू शकतो :

‘आपल्या मालकीच्या घर क्रमांक अमुक येथील उंबराच्या झाडाची मुळे माझ्या घराच्या पूर्वेकडील भिंतीखाली शिरली आहेत. त्यामुळे भिंतीला भेग पडली असून संडासाची पाईप फुटली आहे. फोटो व इंजिनिअरचा अहवाल सोबत जोडला आहे. आपण ३० दिवसांत मुळांचा बंदोबस्त करावा व दुरुस्तीचा खर्च रुपये अमुक द्यावा. तसे न झाल्यास मला कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल व त्याच्या खर्चाची जबाबदारी आपली राहील.’

शिवीगाळ, धमकी, जुनं भावकीचं भांडण यातलं एकही वाक्य त्यात नको. हेच पत्र उद्या न्यायाधीशांच्या हातात जाणार आहे.

*चौथी पायरी : धोका असेल तर प्रांत.* मुळं उघडी पडून झाड कलंडलंय, खालून शाळेची पोरं जातात, अशी परिस्थिती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली भिवंडीच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पूर्वी हेच कलम १३३ होतं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. पडण्याच्या बेतात असलेलं आणि शेजारी राहणाऱ्यांना किंवा ये-जा करणाऱ्यांना इजा करू शकेल असं झाड काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा हुकूम या कलमाने देता येतो.

पण याची मर्यादा ओळखावी. कचरूलाल भगीरथ अग्रवाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, जे मिरचीच्या साठ्यामुळे लोकांना होणाऱ्या त्रासाचं होतं, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे कलम लोकांना होणारा सार्वजनिक त्रास थांबवण्यासाठी आहे, दोन व्यक्तींमधले खाजगी वाद सोडवण्यासाठी नाही. म्हणजे फक्त आपल्या मोरीची फरशी उचलली म्हणून प्रांताकडे गेलं तर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता जास्त.

*पाचवी पायरी : दिवाणी कोर्ट.* भिवंडीच्या दिवाणी न्यायालयात तीन गोष्टी मागता येतात. मुळांचा बंदोबस्त करण्याचा हुकूम आणि पुढे पुन्हा त्रास होऊ नये म्हणून मनाई, विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३८ आणि ३९ खाली. झालेल्या नुकसानाची भरपाई. आणि निकाल लागेपर्यंत नुकसान वाढू नये म्हणून तात्पुरता मनाई हुकूम. कोर्टाला विनंती केली तर कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणीही करवून घेता येते. अशा वादात तो अहवाल फार मोलाचा ठरतो.

उशीर करू नये. भरपाईच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत धरून चालावं. मुळांचा त्रास सतत चालू असेल तर मुदत अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे मुदत रोज नव्याने सुरू होते. पण दहा वर्षांपूर्वी पडलेल्या भिंतीची भरपाई आज मागता येईल असा त्याचा अर्थ नाही.

वकिलाला पैसे नसतील तर?

प्रत्येक तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. महिलेला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे घर घरातल्या बाईच्या नावावर असेल तर तिने अर्ज करावा. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

दावा दाखल होण्याआधीसुद्धा हा वाद लोक अदालतीत नेता येतो. तिथे दोघांच्या संमतीने झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं. वर्षानुवर्षं तारखा घेण्यापेक्षा एका दिवसात मिटलं तर दोन्ही घरांचं भलं.

झाडमालकाने काय करावं?

ही बातमी वाचणारा प्रत्येक जण तक्रारदारच असेल असं नाही. काही जणांचं झाडच दुसऱ्याच्या भिंतीखाली शिरलेलं असेल. शेजारी सांगायला आला तर हाकलून देऊ नये, जाऊन बघावं. कळल्यानंतर काहीच न करणं हीच कोर्टात सर्वात वाईट बाजू ठरते. दरवर्षी पावसाळ्याआधी फांद्यांचा भार कमी करावा, हद्दीच्या बाजूला चर खणून मुळं कुठवर गेलीत ते पाहावं. आणि नवीन झाड लावताना वड, पिंपळ, उंबर, गुलमोहर हे भिंतीपासून, विहिरीपासून आणि संडासाच्या टाकीपासून लांब लावावं. भिंतीजवळ शेवगा, कढीपत्ता, जास्वंद चालतात.

शेजाऱ्याचं म्हणणं खोटं वाटत असेल तर आपल्या खर्चाने दुसऱ्या इंजिनिअरला दाखवावं आणि नोटिशीला लेखी उत्तर द्यावं. उत्तरच न देणं म्हणजे अर्धी कबुली, असं समोरचा वकील सांगणारच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पोलीस तक्रार घेतात का?* नुसत्या मुळांसाठी हा दिवाणी वाद आहे. पोलीस बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद करून कोर्टात जायला सांगतात. मारहाण, धमकी किंवा मुद्दाम नुकसान झालं तर मात्र पोलिसांकडे जायलाच हवं.

*भाड्याने राहणाऱ्याला तक्रार करता येते का?* राहण्यात अडथळा येत असेल तर करता येते. भिंत-पायाच्या भरपाईसाठी घरमालकाला सोबत घ्यावं.

*गोदामाच्या कंपाउंडमधलं झाड असेल तर नोटीस कोणाला?* जमिनीच्या मालकाला आणि गोदाम चालवणाऱ्याला, दोघांनाही द्यावी. सातबाऱ्यावर मालकाचं नाव मिळतं.

*घराला बांधकाम परवानगी नसेल तर?* तरी शेजाऱ्याला नुकसान करायचा परवाना मिळत नाही. पण कोर्टात हा मुद्दा निघणार, वकिलाला आधीच खरं सांगावं.

पावसाआधीचं काम

मुळांचा वाद पावसाळ्यात पेटतो, पण त्याचं काम उन्हाळ्यात करायचं असतं. जमीन कोरडी असताना चर खणता येतो, मुळं दिसतात, पाईप बदलता येते. ज्यांच्या भिंतीला भेग आहे त्यांनी आजच एक फोटो काढून तारीख लिहून ठेवावी, आपली पाईप गळते का ते प्लंबरकडून तपासून घ्यावं आणि मग शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावं. बोलणं जमलं तर चहावर मिटेल. नाही जमलं तर हातात पहिला पुरावा असेल.